ग्रुपवर फिरलेला पाय

कामरगाव,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप मामाजी,

दोघांना एकच पत्र लिहिते आहे. एक प्रत पोस्टाने केनवडला जाईल, दुसरी इथे सासरी मामाजींच्या चहाच्या कपाखाली ठेवणार आहे. ओरडू नका, आधी पूर्ण वाचा.

काल 'सोयरे मंडळी' ग्रुपवर जे झालं ते माझ्या पुण्याच्या मावशीपासून ह्यांच्या अकोल्याच्या आत्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलं. मामाजींनी लसीमुळे लेकरू दगावल्याचा व्हिडिओ टाकला. बाबांनी खाली लिहिलं, 'हे बह्याड माणसाचं काम हाये.' मामाजींनी लिहिलं, 'सरकारचे चमचे बोलले.' मग एकमेकांचं गाव निघालं, शेती निघाली, शेवटी माझ्या लग्नातलं जेवण निघालं. लग्नाला आठ वर्षं झाली, पण वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं हे मला काल कळलं.

म्हणून मी दोघांनाही ग्रुपमधून काढलं आहे. फोनही करायचा नाही, कारण फोनवर तुम्ही दोघं एकाच वेळी बोलता आणि कोणीच ऐकत नाही.

गंगूला पुढच्या महिन्यात नऊ महिने पूर्ण होतात. गोवराची लस द्यायची आहे. हे म्हणतात, 'दोघं मोठे एका मताचे झाले की देऊ.' तुमच्या हरीओमला, मामाजी, तुमच्यासमोर तोंड उघडता येत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. सिस्टर आमच्या अंगणवाडीत २४ फेब्रुवारीला येणार आहे. तोवर जे म्हणायचं ते कागदावर लिहा आणि पोस्टात टाका. स्वतःच्या मनातलं लिहा, कुठून आलेलं पुढे ढकलू नका.

सात वर्षांनी झालेलं लेकरू आहे. मी २४ तारखेपर्यंत वाट पाहीन. त्यानंतर काय करीन ते ठरवलं आहे, पण लिहीत नाही.

तुमची
वर्षाराणी

*

केनवड,
२४ जानेवारी

इवाईबुवा, रामराम घ्या.

पेन हातात धरून किती वर्सं झाली ते विचारू नका. वर्षाराणीची माय गोजराबाई बाजूले बसून हासून राह्यली. म्हणे, पेन धरलं का वखर? पण पोरीनं हुकूम सोडला, तो बापाले मानाच लागते.

पयले 'बह्याड' वापस घेतो. लेकीच्या सासऱ्याले चारचौघात येडा म्हणाले नाई पायजे होतं. मनात काय म्हणतो ते माह्यं मी पाहून घेईन.

आता मुद्द्याचं. गंगूचं बायतपण आमच्या घरी झालं. पयल्या तिन्ही डावच्या सुया आमीच टोचून आणल्या. अंग गरम झालं, किरकिरली, गोजराबाईनं ओल्या फडक्यानं पुसलं, अन् दुसऱ्या दिवशी पोट्टी पाय झाडून हासून राह्यली. तुमी तिले न्याले आले तवा म्हणले, 'केनवडचं पाणी मानवलं बुवा पोरीले.' तवा सुयांचं कोणी नाव काढलं नाई.

दुसरी गोठ. जनावरायवर लंपी आली तवा गावात सगयात पयले तुमी बैल घेऊन लसीच्या रांगेत उभे होते. फोटोबी तुमीच टाकला, बैलाच्या बाजूले छाती फुगवून. बैलाले चालते अन् नातीले चालत नाई, हे कोणतं शास्त्र हाये?

अन् आता खरं कारण सांगतो. आमच्या गावाच्या खालतं विटभट्टीच्या झोपड्यायमंदी गोवर आला हाये. काल ट्रॅक्टर घेऊन गेलो होतो. एक लेकरू मायच्या खांद्यावर पडलं होतं. डोये लाल, उजेड सोसे ना, खोकून खोकून दमलं होतं. घरी आलो तरी तो खोकला माह्या कानातून जात नाई. हे मी ऐकलेलं नाई लिहीत, पाह्यलेलं लिहितो.

शालिग्राम

*

कामरगाव,
३१ जानेवारी

शालिग्रामभाऊ,

पत्र पोचलं. पोस्टमन दुकानात आला अन् म्हणे, 'इंद्रभानभाऊ, कोर्टाची नोटीस आली का?' म्या म्हटलं, त्याच्याहून भारी, इवायाचं पत्र हाये.

तुमी 'बह्याड' वापस घेतलं, मी 'चमचे' वापस घेतो. वांग्याच्या भाजीचं मात्र घेत नाई.

बैलाचं बोलले. बोलाच आता. त्या बैलाच्या मानेले सुईनंतर लिंबाएवढी गाठ आली होती, कितीतरी दिवस जू ठेवता आलं नाई. ते फोटोत दिसत नाई. बैलाले बोलता येत नाई, म्हणून त्यानं सोसलं. गंगूलेबी अजून बोलता येत नाई.

मी दिवसभर दुकानात बसतो. गिऱ्हाईक येते अन् जाते, मोबाईल हातात रायते. 'आपलं कामरगाव' ग्रुपवर म्या काही टाकलं का पाच मिनिटात अंगठे पडतात. लोकं लिहितात, 'बरोबर बोलले काका.' घरात माह्यं कोण ऐकते? हरीओम मान हालवते अन् गप रायते, घरवाली गोमती त ऐकतच नाई. तिथं ऐकतात, म्हणून तिथं बोलतो. हे तुमालेच सांगतलं, कोणाले सांगू नका.

पण अंगठ्यायसाठी नातीच्या जिवाशी खेयन असा मी माणूस नाई. माही गोठ समजून घ्या. सात वर्सं ह्या घरात पायणा हालला नाई. देव झाले, दवाखाने झाले, बायका सूनबाईले नाई नाई ते बोलल्या. मंग गंगू आली. उद्या मी 'हो' म्हटलं अन् तिले काही झालं, त मी कोणाच्या तोंडाकडे पाहू? 'नाई' म्हटलं अन् काही झालं, त ते देवानं केलं. 'हो' म्हटलं त म्या केलं. एवढंच भेव हाये मले, भाऊ. दुसरं काही नाई.

सोबत एक फोटो जोडला. आलेलं पुढं ढकलू नका म्हणते सूनबाई, पण हे काही मोबाईलवर नाई, चौकातून रंगीत झेरॉक्स काढून आणली, म्हणजे कागदच झाला. एका लेकराची मांडी हाये. लस टोचल्यावर हा असा फोड आला. कुठचं लेकरू ते लिहिलं नाई, चेहराबी कापला हाये. तीन ग्रुपवर आला हा फोटो. तुमाले नीट दिसावं म्हणून म्या लाल पेनानं गोल केला. पाहा, अन् मंग मले सांगा का भेव काहून वाटते.

तुमचा
इंद्रभान

*

केनवड,
६ फेब्रुवारी

इवाई,

लाल गोलाच्या आत पाहा म्हणले. म्या पाह्यलं. मंग चष्मा पुसून पाह्यलं. मंग गोजराबाईले हाक मारली.

तुमी गोलाच्या बाहेर पाह्यलं का? लेकरू ज्या दुपट्यावर निजलं हाये, त्याच्या कोपऱ्यात जांभया चौकडीचा तुकडा हाये. तो माह्या सदऱ्याचा हाये. बाजूचा हिरवा काठ गोजराबाईच्या लुगड्याचा. टाके तिच्या हातचे, उलट्या बाजूनं पडलेले, कारण ती डावरी हाये. असं दुपटं दुनियेत एकच हाये, अन् ते तुमी गंगूले न्याले आले तवा आमीच पायण्यात घालून देलं होतं.

ही मांडी आपल्या गंगूची हाये, इंद्रभानराव.

गोजराबाई तवापासून चुलीजवय बसून हाये. जेवली नाई. दिवाळीनंतर वर्षाराणीनं फोनवर सांगतलं होतं का गंगूले जराशा घामोळ्या आल्या. ह्या घामोळ्या हायेत? आमाले काहून सांगतलं नाई?

आता एक विचारतो, अन् तुमाले तुमच्या नातीची आण हाये, खरं सांगा. आमी टोचून आणलेल्या सुईनंच हे झालं का? इथून गेल्यावर ते चिघयलं, अन् आमचं मन राखाले तुमी लपवलं का? तसं असन त लिहा. मी त साऱ्या दुनियेले शिकवून राह्यलो, लस घ्या, लस घ्या. दोन रोजापासून मले माह्याच बोलण्याचा भरोसा वाटत नाई. तुमचा तो व्हिडिओबी म्या न पाहताच खोटा म्हटला होता. सुईनं झालं असन त 'नका देऊ' म्हणणारा पयला माणूस मी असन.

पत्र भेटल्याबरोबर उत्तर टाका.

शालिग्राम

*

कामरगाव,
१० फेब्रुवारी

शालिग्रामभाऊ,

पयले गोजराबाईले जेवाले सांगा. सुईनं काही झालं नाई. तो बिबा हाये.

दिवाळीनंतर गंगूले दात येऊन राह्यले होते. जुलाब लागले. गोमतीनं बेंबीभवती बिब्याचे ठिपके देले, तिच्या सासूनं हरीओमले देले होते तसेच. बिबा तापला जास्त, तेल ओघयलं अन् मांडीवर गेलं. सकायी पाह्यतो त हा एवढा फोड. पोट्टी रडे, गोमती रडे, सूनबाई नुसती माह्याकडे पाहून राह्यली. अन् म्या काय केलं? मांडीचा फोटो काढला अन् गावच्या ग्रुपवर टाकला, 'बिबा उतला, काय लावाव?' कोणी म्हणे खोबरेल लावा, कोणी म्हणे तीळ वाटून लावा. शेवटी डॉक्टरकडेच न्याव लागलं. त्यायनं मलम देलं, थोडं बोललेबी. हळूहळू भरलं. डाग हाये अजून. तुमाले सांगू नको म्हणून गोमतीनं सूनबाईले शपथ घातली. पोरीवर राग धरू नका, आमच्यावर धरा.

तर तो माहाच फोटो, भाऊ. कोणीतरी वरची अक्षरं काढली, चेहरा कापला, खाली 'लसीचा परिणाम' लिहिलं अन् सोडून देला. कुठं कुठं फिरून तो माह्याजवयच वापस आला, अन् म्या त्याले लाल गोल मारून तुमाले धाडला. जिले रोज मांडीवर घेऊन बसतो, तिची मांडी ओयखली नाई. म्या फोड पाह्यला, लेकरू पाह्यलंच नाई. लय लाज वाटली.

तुमचं पत्र वाचलं अन् दुकानाचं शटर खाली ओढलं. 'आपलं कामरगाव'वर लिहिलं, 'हा फोटो माह्या नातीचा हाये. हा बिबा हाये, लस नाई. म्या स्वतः काढला.' सोबत आधीचा पुरा फोटो टाकला. मले वाटलं, आता पाहा कसे धडाधड अंगठे पडतात.

एकच पडला. तोबी हरीओमचा.

बाकीचे विचारून राह्यले, 'काका, किती भेटले?' एक म्हणे, दवाखान्यातून दम देला असन म्हाताऱ्याले. आमच्या गल्लीतली दुर्गाबाई, जी रोज माह्या दुकानातून साखर-पत्ती नेते, तिनं लिहिलं का हे लेकरू इंद्रभानभाऊच्या घरचं नाईच. अवो, तिनं गंगूले आंघोय घातली हाये! म्या रागानं लिहिलं, त्यायनं आणखी रागानं लिहिलं. शेवटी मलेच ग्रुपमधून काढलं. कारण काय देलं माहीत हाये? 'अफवा पसरवणे.' दोन वर्सं म्या तिथं खरोखर अफवा टाकल्या, तवा कोणी काढलं नाई.

हासा आता. मी स्वतः सांगून राह्यलो म्हणजे हासाची परवानगी हाये. पण एक आठवण करून देतो. 'लस न घेतल्यास रेशन बंद' हे सोयऱ्यायच्या ग्रुपवर तुमी टाकलं होतं. आमच्या रेशनवाल्याले म्या विचारलं, तो म्हणे असं काहीच नाई. तेबी खोटंच होतं, इवाईबुवा.

इंद्रभान

*

केनवड,
१५ फेब्रुवारी

इंद्रभानभाऊ,

हासलो. आधी डोये पुसले, मंग हासलो. गोजराबाई जेवली. तिचा निरोप जसाच्या तसा लिहितो: 'गोमती इनबाईले म्हणा, मी चिडली नाई. माह्या सासूनंबी वर्षाराणीले बिबा देला होता, तिच्या पोटावर डाग हाये. पण आता सासवा आपण झालो. आता आपल्यापासून बंद करू.'

रेशनचं खरं हाये. म्या कोणाले न विचारता टाकलं. चांगल्या कामासाठी जरासं खोटं चालते असं वाटलं होतं. चालत नाई. एक खोटं सापडलं का माणूस म्हणते, सगयंच खोटं असन, अन् त्याचंबी काही चुकत नाई.

भट्टीवरचं ते लेकरू उठून बसलं. काल भाकरीचा तुकडा चघळून राह्यलं होतं. लय वायलं हाये, पण वाचलं.

आता गंगूचं. मी तुमाले दडपत नाई. दोन रोज मीबी भेलो होतो, तवा मले समजलं का तुमी इतके दिवस काय सोसून राह्यले. पण तुमी लिहिलं ना, 'हो' म्हटलं त म्या केलं. मंग बिब्याले 'हो' कोण म्हटलं होतं? तवा भेव नाई वाटलं, कारण बिबा घरचा, पाह्यलेला, आजी-पणजीपासूनचा. सुई परक्याच्या हातची. माह्यं ऐका, त्या सिस्टरले घरी चहाले बोलवा. मनात जे हाये ते सगयं विचारा, वाकडं-तिकडं असन तरी विचारा. इकडे हयद शिजवणं चालू हाये, मले निघता येत नाई, नाईतर मीच आलो असतो.

अन् एवढं करूनही जीभ रेटत नसन, त 'हो' माह्या नावावर टाका. म्या म्हटलं असं समजा. काही कमीजास्त झालं त माह्या तोंडाकडे पाहा, मी तोंड लपवणार नाई.

तुमचा
शालिग्राम

*

कामरगाव,
२५ फेब्रुवारी

शालिग्रामभाऊ,

काल गंगूले टोचून आणलं. 'हो' तुमच्या नावावर टाकलं नाई, माह्यं मीच म्हटलं. पण तुमचं ते वाक्य वाचून म्या कागद गोमतीले वाचून दाखवला.

लेकराले म्याच धरलं. काही भेलो-बिलो नाई. दंडात एक सुई, मांडीत एक, अन् चमच्यानं औषध पाजलं. गंगू रडली, मंग सिस्टरच्या गयातली पट्टी ओढत बसली. आज अंग जरा गरम हाये. बाकी ठीक. सूनबाई सविस्तर लिहील.

इंद्रभान

*

कामरगाव,
३ मार्च

तीर्थरूप बाबा,

आधी तुमची आणि आईची माफी मागते. घामोळ्या म्हणून खोटं सांगितलं. सासूबाई इतक्या रडत होत्या की त्यांना उघडं पाडायला मन झालं नाही. आईला सांगा, माझ्या पोटावरचा डाग मी सासूबाईंना दाखवला. दोघीही हसलो.

मामाजींनी तुम्हाला 'भेलो नाई' असं लिहिलं असेल. मी ते पत्र पाहिलेलं नाही, पण माणूस ओळखते.

त्यांनी निता सिस्टरला खरंच घरी बोलावलं. चहा निवून गेला, पुन्हा केला, तोही निवला, मामाजींचे प्रश्न संपेनात. बाई शांत. म्हणाल्या, ताप येऊ शकतो, टोचलेली जागा दुखते. फार मोठा त्रास क्वचित एखाद्याला होतो, म्हणून टोचल्यावर अर्धा तास आम्ही कोणाला घरी जाऊ देत नाही. मामाजी म्हणाले, 'हे असं ग्रुपवर कोणीच सांगत नाई. तिथं एक त सगयं चांगलं, नाईतर सगयं वाईट.'

२४ तारखेला अंगणवाडीसमोर ही गर्दी! लस घ्यायला नाही हं, फोटोतली मांडी पाहायला. मामाजी गंगूला घेऊन ओट्यावर बसले आणि येईल त्याला बिब्याचा डाग दाखवत राहिले. 'हात लावून पाहा, माहीच नात हाये.' आत गेल्यावर मात्र सगळा आवाज बसला. हे म्हणाले, 'बाबा, मी धरतो.' तर मामाजी ऐकेनात. गंगूला छातीशी धरलं, डोळे घट्ट मिटले, आणि सुई गेली तेव्हा गंगूच्या आधी तेच ओरडले. गंगूचं रडणं थांबलं तरी मामाजींचं थांबेना. अर्धा तास बसायचं होतं गंगूला, पण सिस्टरने मामाजींनाच सतरंजीवर आडवं केलं. ह्यांनी पंख्याने वारा घातला. बाप-लेकांना इतकं जवळ बसलेलं मी आठ वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई दारात उभी. गंगू आमच्या घरची नाही असं ग्रुपवर लिहिणारी तीच. कडेवर तिचा नातू, गंगूच्याच वयाचा. मला वाटलं, आता भांडण. पण ती म्हणाली, 'पोट्टी कशी हाये, पाहाले आली.' मामाजी म्हणाले, 'झोपली हाये. बस.' ग्रुपचं कोणीच नाव काढलं नाही. मग ती हळूच म्हणाली, 'भाऊ, मंग मी याले देऊ का नको देऊ?'

बाबा, मी स्वयंपाकघरात भाकरी थापायची थांबले. ह्या माणसाने साऱ्या गावाला न विचारता सल्ले दिलेत. ते म्हणाले, 'मले नको विचारू बाई. म्या तुमाले लय चुकीचं सांगतलं हाये. गंगू उठली का तिले पाह्य, अन् मंग सिस्टरले विचार.'

दुर्गाबाई गेली नाही. गंगू जागी होईपर्यंत बसून राहिली. मग तिला मांडीवर घेतलं, कपाळाला हात लावला, दंड पाहिला, मांडी उलटसुलट करून पाहिली, गालाला हात लावून हसवलं. आणि म्हणाली, 'येत्या मयन्यात याले आणतो. पण भाऊ, माह्यानं त्याचं रडणं पाहावत नाई, अन् पोरगा-सून ऊस तोडाले गेले हायेत. तुमी धरसान का त्याले?'

मामाजी तिथल्या तिथे हो म्हणाले. तेव्हापासून त्यांना जेवण जात नाही. सासूबाईंना सारखं विचारतात, 'गोमते, लोकाचं लेकरू हाये, काही झालं त?' पण दुर्गाबाईकडे जाऊन नाही म्हणून आले का? नाही. उलट काल आणखी दोघीजणी विचारायला आल्या, तर त्यांनाही हो म्हणून बसले.

अंगणवाडीत पुढची लस २४ मार्चला आहे. तोवर तुमची हळद आटोपेल. बाबा, तुम्ही या. लेकरांना मामाजी धरतील, पण मामाजींना धरायला कोणीतरी पाहिजे.

तुमची
वर्षाराणी